मुलींचा बाजार आणि आपल्या चौकातली पोरं



मंडळाचे चिटणीस आमंत्रण घेऊन घरी आले तेव्हा त्यांनी मला 'स्त्री-शिक्षण आणि समाजाची प्रगती' असा विषय दिला होता. मी त्यांना म्हणाले, दादा, या विषयावर मी वीस वर्षे बोलते आहे. माझे भाषण आता समोरच्यांनाही पाठ झाले असेल. यंदा दुसऱ्या गोष्टीवर बोलू द्या. विषय सांगितल्यावर ते जरा गप्प झाले. "सभेत लहान मुली असतात, ताई," एवढेच म्हणाले. मी म्हटले, त्या असतात म्हणूनच. त्यांनी मान्यता दिली, याबद्दल त्यांचे आभार मानते.

मुलींना फूस लावून, धाक दाखवून शरीरविक्रयाच्या बाजारात लोटणाऱ्या टोळ्या, आणि त्या टोळ्यांत वावरणारी आपल्या ओळखीची पोरं, हा आजचा विषय आहे.

मी शिक्षिका होते. निवृत्त झाले तरी लोक शाळेतल्यासारखेच घरी येतात. काही वर्षांपूर्वी एक बाई आली. गाव सांगत नाही, आडनाव तर नाहीच. दिवाळीनंतर कापूस वेचायला जाणारी, एरवी दोन घरची धुणीभांडी करणारी. तिच्या हातात मुलीचा शाळेतला फोटो होता. मुलगी नववीत. घरातून जाऊन चार दिवस झाले होते. मी विचारले, चार दिवस काय केले? पहिला दिवस नातेवाइकांकडे शोधण्यात गेला. दुसऱ्या दिवशी दीर म्हणाला, बोभाटा करू नका, धाकटीचे लग्न व्हायचे आहे. तिसऱ्या दिवशी ती पोलीस ठाण्यात गेली. तिथल्या शिपायाने सांगितले की गेली असेल कोणाबरोबर, दोन दिवसांनी येईल, तेव्हा समज देऊ. चौथ्या दिवशी ती माझ्याकडे आली.

मुलगी एकोणिसाव्या दिवशी सापडली. दुसऱ्या जिल्ह्यातील एका शहरात, लॉजमध्ये. तिला तिथे नेणारी तीन पोरे होती. त्यातला एक त्यांच्याच मागच्या गल्लीतला. आई मला म्हणाली, "मॅडम, तो तं माह्या घरी चहा प्याचा."

पुढे त्या मुलीने मला जे सांगितले ते ऐका, कारण त्यात सिनेमातल्यासारखे काहीच नाही. आधी त्या मुलाने तिला दोनशे रुपयांचे रिचार्ज मारून दिले. मग मोबाईलच घेऊन दिला, अकरा हजारांचा. वाढदिवसाला मित्रांच्या खोलीवर बोलावले, थंड पेय दिले, आणि त्या दिवसाचे तिला अर्धेच आठवते. चार दिवसांनी फोटो दाखवले. मग म्हणाला, मोबाईलचे पैसे परत कर, नाहीतर हे तुझ्या बापाला पाठवतो. नववीतली मुलगी अकरा हजार कुठून आणणार? त्यावर तोच म्हणाला, एक काम कर, माझ्या मित्राला भेट, पैसे फिटतील. ते फिटले नाहीत. ते फिटू द्यायचेच नसतात.

आपल्या डोळ्यांसमोर दलाल म्हणून कोण येतो? तोंडात पान, गळ्यात सोन्याची साखळी, मुंबईहून आलेला परका माणूस. तसेही असतात. विदर्भातल्या मुलींना कामाच्या नावाने नागपूरच्या नाहीतर मुंबईच्या वस्तीत, आणि लग्नाच्या नावाने राजस्थान, मध्यप्रदेशात विकल्याची प्रकरणे पोलिसांत नोंदली गेली आहेत. त्या लग्नात मध्यस्थ बहुधा ओळखीची बाईच असते, हे ध्यानात ठेवा. पण चौकातल्या टोळीची रीत निराळी. तिथे कामे वाटून घेतलेली असतात. एक गोड बोलणारा, एक मोटारसायकलवाला, एक लॉजच्या मॅनेजरशी ओळख असलेला, एक बाहेर पानठेल्यावर उभा राहून लक्ष ठेवणारा. या सर्वांच्या वर एक 'भाई'. पैसे त्याच्याकडे जातात, आणि मुलीने त्याचे तोंडही पाहिलेले नसते. पोलिसांच्या हाती लागतो तो बहुतेक वेळा गोड बोलणारा.

कोणी म्हणेल, यवतमाळसारख्या जिल्ह्यात टोळ्या आल्या कुठून? आपल्या जिल्ह्याचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. शेजारच्या वर्धा जिल्ह्यात सत्तरच्या दशकापासून दारूबंदी. वणीपलीकडे चंद्रपूर जिल्हा, तिथे २०१५ ते २०२१ दारूबंदी होती. नदीच्या अलीकडे दुकान आणि पलीकडे बंदी, म्हणजे मधल्या रस्त्यावर रोजगार. कितीतरी तरुण पोरे त्या रस्त्याला लागली. त्यात रेतीचे टिप्पर, सट्टापट्टी, कोळशाच्या भागातला वरकड पैसा. पांढरकवड्यावरून नागपूर-हैदराबाद महामार्ग थेट तेलंगणात उतरतो. आर्णी-उमरखेडवरून नांदेड गाठता येते. मी दारूबंदीच्या विरोधात नाही. या जिल्ह्यातल्या बायांनी दारूबंदीसाठी मोर्चे काढले आहेत, मीही त्यांत चालले आहे. पण ज्या पोराला रात्रीतून पेटी नदीपार करून परत येता येते, गाड्या बदलता येतात, नाक्यावरचा माणूस ओळखता येतो, त्याला मुलगी नेणे अवघड नाही. उलट ते सोपेच. पेटी पकडली तर ती पुरावा असते. मुलगी पकडली तर तीच भीतीने सांगते, "मी माह्या मर्जीनं आली."

आणि हे आपल्याच जिल्ह्यात घडते असेही नाही. जळगावचे प्रकरण जुन्या लोकांना आठवत असेल. १९९४ साली ते उघडकीस आले. शाळा-कॉलेजातल्या मुली, नोकरी करणाऱ्या बाया यांना जाळ्यात ओढायचे, फोटो किंवा चित्रफीत काढायची आणि मग त्या धाकावर वर्षानुवर्षे वापरायचे, एकाकडून दुसऱ्याकडे पाठवायचे. गुंड, पैसेवाले आणि राजकारणात ऊठबस असलेले लोक यांची नावे पुढे आली. बळी पडलेल्यांची संख्या शेकड्यांत आहे असे तेव्हा बोलले गेले. अरविंद इनामदारांसारखे ज्येष्ठ अधिकारी तपासाला नेमले गेले, त्यांच्याबरोबर मीरां बोरवणकर होत्या. खास न्यायालय बसले. एवढे सगळे होऊन निघाले काय? शेकडो म्हणता म्हणता तक्रारीला पुढे आल्या थोड्याच, साक्षीला उभ्या राहिल्या त्याहून थोड्या, आणि बरेच आरोपी सुटले. मुली खोट्या होत्या म्हणून नव्हे. त्या काळात जळगावच्या मुलीला स्थळे मिळेनात, ठरलेली लग्ने मोडू लागली, असे वर्तमानपत्रांतून येत होते. जी मुलगी या प्रकरणात नव्हतीच तिचे लग्न मोडते, तर जी होती ती कोर्टात येऊन नाव कशी सांगेल? आरोपींच्या वकिलाला काही विशेष करावेच लागले नसेल. त्याचे अर्धे काम समाजाने करून ठेवले होते.

राजस्थानात अजमेरला १९९२ साली अगदी असेच उघडकीस आले. तिथेही शाळकरी मुली, तिथेही फोटो. ज्या दुकानात फोटो धुवायला गेले, तिथूनही ते फुटले आणि आणखी लोक त्या मुलींच्या मागे लागले. काहींना १९९८ मध्ये शिक्षा झाली. उरलेल्या सहा जणांना जन्मठेप झाली ती २०२४ च्या ऑगस्टमध्ये, म्हणजे बत्तीस वर्षांनी. तोवर त्या मुलींतल्या काही आजी झाल्या होत्या, आणि नातवंडांपासून लपवून साक्षीला येत होत्या. आता फोटो धुवायला दुकान लागत नाही. २०२१ मध्ये डोंबिवलीत पंधरा वर्षांच्या एका मुलीच्या प्रकरणात तेहतीस जणांची नावे आली. सुरुवात झाली होती ती ओळखीच्या एका मुलाने काढलेल्या चित्रफितीपासून. जानेवारी ते सप्टेंबर, नऊ महिने हे चालले होते, आणि शेजारीपाजारी कोणाला काही वेगळे दिसले नाही.

हे सर्व आपल्या गरिबीमुळे, मागासपणामुळे होते असे एक सद्गृहस्थ मला म्हणाले. मी त्यांना इंग्लंडमधल्या रॉदरहॅम गावाचे सांगितले. तिथे २०१४ साली चौकशीचा अहवाल आला. १९९७ ते २०१३ या काळात कमीत कमी १४०० मुले-मुली अशा टोळ्यांच्या तावडीत सापडल्या होत्या. टॅक्सी चालवणाऱ्या काही जणांचा त्यात हात होता. श्रीमंत देश, दारात समाजसेवक, सगळ्या सोयी. तरीही तिथल्या पोलिसांनी आणि अधिकाऱ्यांनी कित्येकदा त्या मुलींनाच वाया गेलेल्या समजून वाऱ्यावर सोडले. आपल्या पोलीस ठाण्यातला तो शिपाई आणि तिथला साहेब, दोघांची भाषा निराळी, बोलणे एकच.

आपल्या जिल्ह्याचे एक जुने दुखणे मात्र सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. झरी-जामणी, पांढरकवडा, मारेगाव या भागातील कोलाम आणि इतर आदिवासी पोडांवरच्या कुमारी मातांचा प्रश्न. रस्त्याचे, जंगलाचे ठेकेदार, त्यांची माणसे, व्यापारी येतात, लग्नाचे आमिष दाखवतात, साडी-पैसा देतात आणि काम संपले की निघून जातात. मागे राहते पंधरा-सोळा वर्षांची मुलगी आणि तिच्या कडेवरचे लेकरू. वर्तमानपत्रांतून यावर किती लिहून आले, पाहणी झाली, मदतीच्या योजना निघाल्या. योजना कोणासाठी? मातेसाठी. तिला शिलाई मशीन, तिला अनुदान. बाप कोण, हे कोणी विचारले? सोळा वर्षांच्या मुलीला दिवस गेले म्हणजे गुन्हा झालेला आहे, तो तिच्या मर्जीने असो वा नसो. तरी आपण त्याला 'प्रश्न' म्हणतो, गुन्हा म्हणत नाही. तो टोळीचा धंदा नसेल, पण टोळ्यांना हिंमत येते ती इथूनच. या जिल्ह्यात गरिबाच्या पोरीला नेले तर विचारणारे कोणी नाही, हे त्यांनी पाहून ठेवले आहे.

आता मी मुलांच्या आयांकडे वळते. राग येईल, येऊ द्या.

ही पोरे आभाळातून पडलेली नाहीत. ती आपल्या वस्तीत वाढली, माझ्या वर्गात बसली. त्यातल्या दोघांना मी पाढे शिकवले आहेत. आईला दिसत नाही का? काम नाही, धंदा नाही, आणि महिन्याला गाडी बदलते. तलवारीने केक कापतो, त्याचे चित्र मोबाईलवर टाकतो. तडीपारीची नोटीस आली तर मित्र त्याचे अभिनंदन करतात. आई म्हणते, "पोरगा दोस्तायत राह्यते, कमावते थोडंफार." काय कमावते, हे एकदा तरी विचारा. त्याच्या खिशात मुलीच्या कानातले सापडले तर ते सोनाराकडे नेण्याआधी विचारा.

आणि पुरुष मंडळींनो, हा दोष एकट्या आयांचा नाही. परवाच्या जयंतीला आपल्या चौकात जो मोठा फ्लेक्स लागला होता, त्यावर बाबासाहेबांच्या खाली कोणाकोणाचे फोटो होते, आठवून पाहा. डीजेचे पैसे कोणी दिले? मंडपाचे कोणी दिले? आपण पन्नास-पन्नास रुपये गोळा करत होतो तेव्हा एकाने उभ्या उभ्या पंचवीस हजार काढून दिले आणि आपण टाळ्या वाजवल्या. ते पैसे कसले हे त्या टाळ्या वाजवणाऱ्यांतल्या निम्म्यांना ठाऊक होते. मलाही ठाऊक होते. मी टाळ्या वाजवल्या नाहीत, पण उठून बोललेही नाही. म्हणून आज बोलते आहे. तथागतांनी उपासकाला जे पाच व्यापार वर्ज्य सांगितले, त्यांत माणसांचा व्यापार आहे. तो करणाऱ्याच्या पैशाने त्यांच्या मूर्तीपुढे दिवे लावायचे का, याचे उत्तर मंडळाने द्यावे. पैशाचे एक असते, तो घेतला की तोंड बंद होते. उद्या त्याच भाईच्या पोराविरुद्ध एखादी आई विहारात रडत आली, तर तुम्ही कोणाच्या बाजूने उभे राहणार?

कायद्याचे थोडे सांगते, कारण आपल्या बाया ठाण्यात घाबरतात ते ठाऊक नसते म्हणून. अठरा वर्षांखालचे मूल हरवल्याची तक्रार आली तर ते पळवून नेले आहे असे धरून गुन्हा नोंदवावा, असे सर्वोच्च न्यायालयाने १० मे २०१३ रोजी सांगितले आहे. 'चोवीस तास थांबा' असे कुठेही लिहिलेले नाही. दुसऱ्या हद्दीत घडले असेल तरी जवळच्या ठाण्यात नोंद करता येते, त्याला झिरो एफआयआर म्हणतात. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. तिच्या कलम १४३ मध्ये माणसांच्या व्यापाराची शिक्षा आहे, आणि मुलगी 'मर्जीने गेली' हा बचाव तिथे चालत नाही. अल्पवयीन असेल तर निदान दहा वर्षे, वर जन्मठेपेपर्यंत. या गुन्ह्याची माहिती नोंदवून घेण्यास जो पोलीस नकार देईल त्यालाच कलम १९९ खाली सहा महिने ते दोन वर्षे सक्तमजुरी होऊ शकते. हा आकडा पाठ करा. मी ठाण्यात तो एकदा शांतपणे म्हटला आणि खुर्ची मिळाली. मुलीचे नाव वर्तमानपत्रात छापता येत नाही. पॉक्सो कायद्यात तिचा जबाब तिच्या घरी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता घ्यायचा असतो, आणि रात्री तिला ठाण्यात ठेवता येत नाही. लहान मुलांसाठी १०९८ आणि पोलिसांसाठी ११२ हे फोन आहेत. मोबाईलमधले फोटो, चिठ्ठ्या रागाच्या भरात पुसून टाकू नका. बापाला पहिल्यांदा तेच सुचते, आणि तोच पुरावा असतो.

मी ज्या मुलीची गोष्ट सांगितली, तिचे पुढे काय झाले ते ऐका. गुन्हा नोंदला गेला. पोरे पकडली, काही महिन्यांनी जामिनावर सुटली. तिची शाळा बंद झाली. शाळेने काढले नाही, तीच जाईना. शेजारच्या बाया तिच्या आईला बारशाला बोलवेनात. त्या पोराची आई मात्र पौर्णिमेला विहारात पुढच्या रांगेत बसत होती, आणि आपण तिला पाणी आणून देत होतो. तारखेच्या दिवशी मी मुलीबरोबर कोर्टात गेले. फाटकाशी ती पोरे उभी होती, हसत होती. परतताना एसटीत ती मला म्हणाली, "मॅडम, ते सुटले तं बाहेर हिंडून राह्यले. मंग मी काहून घरात कोंडली हाय?"

मी चाळीस वर्षे पोरांना प्रश्नांची उत्तरे दिली. याचे उत्तर मला देता आले नाही. तिने पुढे सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावी दिली, गणितात पस्तीस मिळाले. तिच्या आईने सगळ्यांना पेढे वाटले. पाच घरांनी घेतले.

अशा वेळी मला १६ जून १९३६ ची आठवण होते. त्या दिवशी मुंबईला परळच्या दामोदर हॉलमध्ये बाबासाहेब कामाठीपुऱ्यातील देवदासी, मुरळ्या, जोगतिणी यांच्याशी बोलले. ते जिणे सोडा असे त्यांनी स्पष्ट सांगितले, आपण त्या भाषणातले तेवढेच सांगतो. पण ज्यांना गावात कोणी ओसरीवर बसू देत नव्हते त्या भगिनींना त्यांनी भर सभागृहात समोर बसवून सांगितले, हे सांगत नाही. त्या सभेत त्यांना बसायला जागा होती. आपल्या विहारात या मुलीला ती आहे का?

मंडळापुढे मी दोन गोष्टी ठेवल्या आहेत. एक, जयंतीच्या वर्गणीची वही यापुढे सभेत मोठ्याने वाचावी, देणाऱ्याच्या नावासह, आणि ज्याच्या नावाला एकाही बाईने हरकत घेतली त्याचे पैसे त्याच दिवशी परत करावे. यावर कार्यकारिणीत मतभेद आहेत, ते मला कळले आहे. दुसरी, मुलगी हरवली म्हणून आई आली तर तिच्याबरोबर पहिल्याच दिवशी, रात्र असली तरी, ठाण्यात जातील अशा पाच बाया हव्यात. लिहिता-वाचता येणारी एक असली तरी पुरे, बाकीच्यांनी नुसते शेजारी बसायचे. चार दिवसांऐवजी चार तासांत कोणी हलले असते तर ती मुलगी जिल्ह्याबाहेर गेली असती की नाही, कोण जाणे.

त्यासाठी एक वही इथे टेबलावर ठेवली आहे. आतापर्यंत दोन नावे आली आहेत, त्यातले एक माझे आहे आणि दुसरे त्या मुलीच्या आईचे. सभा संपल्यावर मी इथेच थांबते. कोणाला वेगळे बोलायचे असेल तर मागच्या खोलीत बसू. सातची गाडी चुकली तरी हरकत नाही, साडेआठला शेवटची आहे.

जयभीम.